मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली, तरी गाडी उघडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार वर्षांची इलेक्ट्रिक एसयूव्ही पुण्यात सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी होती आणि तुम्ही तीन आठवडे मुलीकडे बंगळुरूला होतात. परत येऊन रिमोट दाबला तर दिवा नाही, आवाज नाही, काहीच नाही. जाताना चार्ज ७० टक्के होता. ओळखीच्या गॅरेजवाल्याने गाडी न बघताच फोनवर सांगून टाकलं, "मोठी बॅटरी गेली, लाखांचं काम आहे." शेजाऱ्यांच्या डिझेल इनोव्हावरून जंप (म्हणजे तिच्या बॅटरीची वीज केबलने आपल्या गाडीला) द्यावा का, कसा द्यावा आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं, हे तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता असंही लिहिलंय, की मागच्या दिवाळीत दुकानातून डॅशकॅम बसवून घेतला आणि तो पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करतो. ती ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

लाखांचं काम नाही. तीन आठवडे नुसत्या उभ्या गाडीत मोठ्या बॅटरीचा, म्हणजे जिच्यावर गाडी धावते तिचा, चार्ज फार तर काही टक्क्यांनी उतरतो. मेलीय ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी, जी पेट्रोल गाडीत असते तशीच आणि बहुतेक गाड्यांत बॉनेटखालीच. इनोव्हावरून जंप चालेल. त्या छोट्या बॅटरीत साधारण अर्ध्या युनिटाइतकी वीज मावते. मोठ्या बॅटरीत वीस-पंचवीस युनिटं पडून असताना या अर्ध्या युनिटावाचून गाडी दार उघडत नाही. नव्या मालकांना हे पटतच नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो.

मोठी बॅटरी बहुतेक गाड्यांत ३०० ते ४०० व्होल्टची असते. गाडी बंद केली की ती बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडली जावी, अशी रचना मुद्दाम केलेली असते. अपघात झाला, पाणी शिरलं किंवा कुणी मेकॅनिकने हात घातला, तरी मोठ्या बॅटरीच्या नारंगी केबलमध्ये करंट असता कामा नये. हे तोडण्या-जोडण्याचं काम बॅटरीच्या पेटीतले काँटॅक्टर करतात. काँटॅक्टर म्हणजे दणकट रिले, विजेवर चालणारे स्विच, एरवी उघडे, म्हणजे जोडणी तुटलेली. त्यांना जोडून धरून ठेवायला १२ व्होल्ट लागतात. काँटॅक्टर लावायचे की नाही हे ठरवणारा बॅटरीचा कंट्रोलरही १२ व्होल्टवरच चालतो. दरवाजाची कुलपं, डॅशबोर्ड, ब्रेक आणि स्टिअरिंगचे कंट्रोलर, पार्किंग ब्रेकची मोटर, सगळं त्याच्यावरच. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आहे, पण व्हॉल्व्ह सोडणारा माणूस कामावर आलेला नाही, अशी तुमच्या गाडीची अवस्था आहे. चार्जरची गन लावून काही होईना, असं तुम्ही लिहिलंय. त्याचंही कारण हेच. चार्जिंग सुरू करायलाही आधी गाडीतल्या कंट्रोलरना जाग यावी लागते. छोटी बॅटरी नुसती अशक्त असेल तर कधीकधी गन लावल्यावर गाडी उठते, पण पूर्ण बसलेली असेल तर नाही.

ही छोटी बॅटरी चार्ज कोण करतं? इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो. त्याच्या जागी डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो, जो मोठ्या बॅटरीतून वीज घेऊन साधारण १३.५ ते १४.८ व्होल्टवर छोटीला देतो. गाडी 'रेडी'मध्ये, म्हणजे चालवायला तयार, असताना आणि बहुतेक सगळ्या गाड्यांत चार्जिंग चालू असतानाही तो काम करतो. काही मॉडेलांत गाडी उभी असतानाही मधूनमधून स्वतः जागी होऊन छोटीला थोडं पाजून घेते. ह्युंदाई आणि किआच्या काही गाड्यांत तर सेटिंगच्या मेनूत त्यासाठी वेगळा पर्याय आहे. सगळ्यांत ही सोय नसते. असली तरी मोठीचा चार्ज फार खाली गेला की ती बंद होते, म्हणून १० टक्क्यांवर गाडी लावून गावाला जाऊ नये.

आता गॅरेजवाल्यांच्याही लक्षात न येणारी गोष्ट. पेट्रोल-डिझेल गाडीत बॅटरी मरायच्या आधी ओरडते. स्टार्टर शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, बॅटरी थकली की सकाळी "घर्र... घर्र" असा जड आवाज येतो आणि आपण समजतो. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टरच नाही. छोटीकडून फार तर काही दहा अँपिअर मागितले जातात, तेही क्षणभर. नंतर कन्व्हर्टर भार उचलतो. त्यामुळे क्षमता पाव उरलेली बॅटरीसुद्धा रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत वर्षभर निभावून नेते. मग एकदा गाडी दहा-पंधरा दिवस उभी राहते आणि ती एकदम संपते. तुमच्याकडे झालंय तेच. खुणा असतात, पण बारीक. स्टार्टचं बटण पहिल्या दाबाला दाद देत नाही. बॉनेटखाली रिलेची टकटक येते. घड्याळ आपोआप मागे जातं. मोबाइल ॲपमध्ये गाडी तासन् तास ऑफलाइन दिसते. सगळ्यात फसवी खूण म्हणजे एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे तीन-चार दिवे एकदम पेटतात. असे एकमेकांशी संबंध नसलेले दिवे एकाच वेळी दिसले तर पहिला संशय छोट्या बॅटरीवर घ्यायचा. हजारो रुपयांचे मॉड्यूल बदलून झाल्यावर शेवटी बॅटरी मोजली, अशा गाड्या आमच्याकडे येत असतात.

आता प्रत्यक्ष काम. आधी गाडीत शिरायला हवं. रिमोटच्या पोटात एक पातळ लोखंडी किल्ली असते, बाजूची खिट्टी सरकवली की निघते. किल्लीचं भोक चालकाच्या दाराच्या हँडलजवळ असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर प्लास्टिकचं टोपण असतं, ते किल्लीच्याच टोकाने अलगद उचकटायचं. चार वर्षं न वापरलेलं कुलूप कडक झालेलं असतं. जोर लावू नका, थोडा डब्ल्यूडी-४० मारून दोन मिनिटं थांबा. आत गेल्यावर बॉनेटचा खटका आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तारेचाच असतो, त्यामुळे तो विजेशिवाय उघडतो. अपवाद आहेत. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायमध्ये पुढचं झाकण विजेवर उघडतं, म्हणून पुढच्या टो-हुकच्या टोपणामागे लाल-काळ्या दोन वायरी ठेवलेल्या असतात. त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की झाकण सुटतं. त्या वायरी फक्त झाकणापुरत्या आहेत, त्यांवरून गाडी चार्ज होत नाही.

बॉनेट उघडल्यावर नारंगी केबल आणि नारंगी कनेक्टर दिसतील. त्यांना हात लावायचा नाही, विषय संपला. आपलं काम फक्त काळ्या-लाल १२ व्होल्टच्या बाजूला. डब्यासारखी बॅटरी, दोन टर्मिनल, लालवर टोपण.

जंपर लावायच्या आधी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. तीन-चारशे रुपयांचा मीटरही पुरतो. हे टाळू नका, कारण पुढचा सगळा विचार या एका आकड्यावर उभा आहे. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला आराम मिळालेला असताना १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे तळाशी. ११.८ च्या खाली ती रिकामीच समजा. १० च्या खाली गेली असेल आणि तशीच कित्येक दिवस पडून असेल, तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसलेला असतो. अशी बॅटरी आज उठेल, पण भरवशाची राहणार नाही. उलट मीटरवर १२.६ दिसत असतील आणि तरी गाडी मेलेली असेल, तर दोष बहुधा बॅटरीत नाही. टर्मिनल ढिलं आहे, त्यावर पांढरी बुरशी आलीय किंवा मुख्य फ्यूज उडालाय. टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर १० नंबरच्या पान्याने आवळा. कित्येकदा काम इतकंच असतं.

जंप देताना एक लक्षात घ्या. इथे इंजिन फिरवायचं नाही, कंट्रोलर जागे करून काँटॅक्टर लावायचे आहेत. त्यामुळे जाड केबलची किंवा मोठ्या बॅटरीची गरज नाही. इनोव्हा चालेल, अल्टो चालेल, खिशात मावणारा लिथियम जंप स्टार्टरही चालेल. तो जंप स्टार्टर घेणार असाल तर 'बूस्ट' किंवा 'ओव्हरराइड' बटण असलेला घ्या. बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर साध्या जंप स्टार्टरला समोर बॅटरी आहे हेच कळत नाही आणि तो करंट सोडत नाही. गावाकडे दुसरी गाडी नसेल तर घरच्या इन्व्हर्टरची बॅटरीही १२ व्होल्टचीच असते. इन्व्हर्टरपासून वायरी सोडवून ती वापरता येते, फक्त उचलायला दोघं लागतात. ट्रकवरून मात्र कधीही नाही, तिथे २४ व्होल्ट असतात आणि तुमचे कंट्रोलर जळतील.

इनोव्हा जवळ आणा, पण दोन गाड्यांचा पत्रा एकमेकांना टेकू देऊ नका. तिचं इंजिन बंद. तुमच्या गाडीचे दिवे, एसी, वायपर सगळे स्विच बंद. लाल चिमटा आधी तुमच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, त्याचं दुसरं टोक इनोव्हाच्या पॉझिटिव्हला. मग काळा चिमटा इनोव्हाच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या रंग नसलेल्या धातूच्या बोल्टला, बॅटरीपासून थोडं लांब. शेवटचा चिमटा बॅटरीवरच लावायला लोकांना सोयीचं वाटतं, पण तिथेच ठिणगी उडते आणि लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो. मेलेल्या बॅटरीला दोन-तीन मिनिटं द्या. मग रिमोट खिशात ठेवून ब्रेक दाबा आणि स्टार्टचं बटण दाबा. पॅनेलवर पंचवीस इशारे येतील, घाबरू नका. गाडीच्या पोटातून काँटॅक्टर लागल्याचा "टक्" ऐकू यायला हवा आणि पॅनेलवर 'रेडी' दिसायला हवं. नुसता स्क्रीन उजळला म्हणजे रेडी नव्हे. रेडी नसताना गाणी लावून बसलात तर जंप देऊन भरलेलं सगळं पुन्हा उतरेल. गाडी उठली नाही तर इनोव्हाचं इंजिन सुरू करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. रेडी झाली की चिमटे उलट्या क्रमाने काढा, म्हणजे तुमच्या बोल्टवरचा काळा सगळ्यात आधी.

इथे गाडीचं पुस्तक माझ्यापेक्षा वरचढ आहे. काही गाड्यांत जंपसाठी वेगळा पॉइंट दिलेला असतो, तो असेल तर तोच वापरायचा. आणि छोटी बॅटरी लेड-ॲसिडचीच असेल असंही नाही. बीवायडीच्या ॲटो ३ मध्ये छोटीही लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. टेस्लानेही २०२१ च्या अखेरीपासून छोटी लिथियमची केली आणि तिचं व्होल्टेजही नेहमीच्या १२ पेक्षा जास्त असतं. अशा बॅटरीला रस्त्यावरच्या दुकानातला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर लावू नका आणि वर सांगितलेले व्होल्टेजचे आकडेही तिला लागू नाहीत.

आणि उलटा उपकार करायला जाऊ नका. उद्या इनोव्हाची बॅटरी बसली आणि शेजाऱ्यांनी तुमच्याकडे जंप मागितला, तर नम्रपणे नाही म्हणा. डिझेलचा स्टार्टर जितके अँपिअर ओढतो त्यासाठी तुमची छोटी बॅटरी आणि कन्व्हर्टर बनवलेलेच नाहीत. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात याला स्पष्ट मनाई आहे. शेजारी रुसतील, त्यापेक्षा त्यांना जंप स्टार्टर भेट द्या. कन्व्हर्टरपेक्षा तो फार स्वस्त पडतो.

गाडी रेडी झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. लेड-ॲसिड बॅटरी पहिला भाग भराभर घेते, मग मंदावते. शेवटचे वीस टक्के भरायला कित्येक तास लागतात. तासभर रेडीमध्ये ठेवून गाडी बंद केली तर ती दुसऱ्या दिवशी उघडेल, पण आठवडा काढेल याची खात्री नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे घरच्या चार्जरवर रात्रभर सावकाश चार्जिंग. मोठी भरत असताना छोटीही भरत राहते. तुमची मोठी ७० टक्क्यांवर आहे, तर चार्जची मर्यादा १०० वर ठेवून १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावलीत तर तीन-चार तास तरी मिळतील. दुसरा मार्ग म्हणजे १२ व्होल्टचा स्मार्ट चार्जर, चार-पाच अँपिअरचा, बॅटरीच्या प्रकाराचं सेटिंग असलेला. तो लावताना काळा चिमटा निगेटिव्ह टर्मिनलवर न लावता बॉडीला लावा. निगेटिव्ह टर्मिनलवर बऱ्याच गाड्यांत करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. चिमटा थेट टर्मिनलवर लावला तर बाहेरून आलेला चार्ज त्या सेन्सरला दिसत नाही आणि गाडी बॅटरीला रिकामीच समजत राहते.

इथवरचं काम कुठलाही रोडसाइड असिस्टन्सवाला वीस मिनिटांत करून जातो. पण बॅटरी का बसली हे तो सांगत नाही, कारण त्याचं काम तिथे संपतं. आणि कारण न शोधता गाडी सुरू करून घेतलेले लोक महिन्याभरात परत फोन करतात.

म्हणून आता डॅशकॅमकडे येऊ. झोपलेली गाडी स्वतःसाठी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर खाते, अलार्म आणि सिमकार्डवाल्या युनिटसाठी. ३० धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासापेक्षाही (बॅटरीत किती वीज मावते याचं माप) कमी, तीन आठवड्यांत सुमारे १५. नवी ४५ अँपिअर-तासांची बॅटरी हे सहज सोसते. चार वर्षांनी तिच्यात २५ उरले असतील तर मरत मरत का होईना, सोसते. आता पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम जोडा. असे कॅमेरे साधारण पाव अँपिअर ओढतात, म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-तास. २५ ची बॅटरी चार दिवसांत आटोपली. तुम्ही बंगळुरूला पोहोचून आठवडा झाला नसेल, तेव्हाच ती संपली असणार. म्हणजे उरलेले दोन आठवडे ती रिकामी पडून होती आणि प्लेटांवर सल्फेट बसत होतं. हेच जास्त वाईट.

डॅशकॅम काढून टाका असं मी म्हणत नाही. तो ज्या वायरिंग किटने जोडलाय त्यावर बहुतेक वेळा कमी व्होल्टेजला बंद होण्याचं सेटिंग असतं. ॲक्सेसरीच्या दुकानात ते बहुधा सगळ्यात खालच्या आकड्यावर सोडतात, म्हणजे ग्राहकाची "कॅमेरा मध्येच बंद पडतो" अशी तक्रार येत नाही. ते १२.४ वर न्या. गाडीला रोज रात्री सोसायटीत धोका काय आहे, याचाही विचार करा. तुमच्या बेसमेंटमध्ये सीसीटीव्ही असेल तर पार्किंग रेकॉर्डिंग बंदच ठेवलेलं बरं. कॅमेऱ्याची वायर बॅटरीवर थेट न नेता गाडी चालू असतानाच वीज मिळणाऱ्या फ्यूजवर आणली की प्रश्न मिटतो.

कॅमेऱ्याशिवायही कारणं असतात. मोबाइल ॲप दिवसातून दहादा उघडून "किती टक्के आहे" बघायची सवय हे त्यातलं एक. प्रत्येक वेळी झोपलेली गाडी जागी होते आणि जागेपणी मिलिअँपिअर नव्हे तर काही अँपिअर खाते. बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर हेही एक. चावीविना उघडणाऱ्या गाडीची चावी गाडीजवळच्या भिंतीपलीकडे टांगून ठेवली की काही मॉडेल नीट झोपतच नाहीत. गाडी रेडी न करता मुलं आत बसून स्क्रीनवर क्रिकेट बघतात, हे तर मे महिन्यातलं ठरलेलं कारण.

चोर करंट पकडायचा असेल तर मिलिअँपिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प मीटर निगेटिव्ह केबलभोवती लावतात. बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलायचं, म्हणजे गाडीला बॉनेट लागलंय असं वाटतं. मग दारं लॉक करून, चावी लांब नेऊन अर्धा-पाऊण तास थांबायचं. लगेच मोजलं तर आकडा मोठाच दिसणार, गाडी अजून जागी असते. ५० मिलिअँपिअरच्या आत स्थिरावला तर गाडी निर्दोष. शंभरच्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढत शोधायचं. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, घाई करणाऱ्याकडून नको.

दुसरी शक्यता कन्व्हर्टरची. गाडी रेडी असताना छोटीच्या टर्मिनलवर मोजा. १३.५ ते १४.८ मध्ये काहीही दिसलं की ठीक. बॅटरी भरलेली असेल तर काही गाड्या १३ च्या आसपास उतरतात. तेव्हा हेडलाइट आणि ब्लोअर लावून बघा, आकडा टिकला किंवा वाढला पाहिजे. रेडीमध्येही १२.३, १२.२, १२.१ असा उतरत असेल, तर कन्व्हर्टर चार्ज देत नाही. मग नवी बॅटरी घालून काही उपयोग नाही. ती गाडी घेऊन महामार्गावर जाऊ नका, चालता चालता छोटी संपली तर गाडी ताकद काढून घेते. असे दोष खरे असतात. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ आणि किआने ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या परत बोलावल्या. चार्जिंगचं नियंत्रण करणाऱ्या एकत्रित युनिटातल्या दोषामुळे छोटी बॅटरी उतरण्याची शक्यता होती, हे त्याचं कारण. तुमच्या गाडीवर असं काही रिकॉल आहे का, हे शोरूमला चॅसिस नंबर देऊन विचारा, फुकट कळतं. गाडी चालवताना "१२ व्होल्ट बॅटरी कमी" असा इशारा आला तर मध्ये कुठे चहाला थांबून गाडी बंद करू नका. रेडीमध्येच ठेवून थेट घर किंवा सर्व्हिस सेंटर गाठा, बंद केलेली पुन्हा उठेलच असं नाही.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज सांगतो. बॅटरी चार वर्षांची आणि दोन आठवडे तळाला गेलेली. रात्रभर चार्ज करा, मग गाडी बंद करून बारा तास ठेवा आणि मोजा. १२.५ च्या खाली उतरली तर बदलून टाका. वर राहिली तरी बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं. पुण्याच्या हवेत चार वर्षं म्हणजे तिने पैसे फेडले. नागपूर-चंद्रपूरकडे, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ गाठतो, तिथे मी तिसऱ्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी तपासायला सांगतो. उष्णता लेड-ॲसिडची वैरी आहे, तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. मोठीसाठी कूलिंगची व्यवस्था असते, छोटीला कुणी विचारत नाही. मोठ्या बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी छोटीला लागू नसते, हेही आधीच सांगून ठेवतो, काउंटरवर वाद नको.

नवी घेताना जुनीवरचा प्रकार, अँपिअर-तास, माप आणि टर्मिनलची बाजू बघून तशीच घ्या. जुनी एजीएम (आतलं ॲसिड चटईत शोषलेली लेड-ॲसिड बॅटरी) असेल तर एजीएमच, चार्जिंगचं व्होल्टेज त्या हिशेबाने ठरलेलं असतं. जास्त अँपिअरची घालून फायदा नाही, ती खाचेत बसत नाही आणि पट्टी नीट आवळली जात नाही. बदलताना गाडी बंद, गन काढलेली, चावी लांब आणि दहा मिनिटं विश्रांती. आधी निगेटिव्ह सोडवायचं, बसवताना शेवटी निगेटिव्ह लावायचं. एक खिडकी खाली ठेवा, नाहीतर गाडी स्वतःला कुलूप लावून चावी आत ठेवण्याचा चमत्कार करते. नंतर खिडक्यांचं ऑटो आणि घड्याळ पुन्हा सेट करावं लागतं. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने करावी लागते, ते बसवणाऱ्याला आधीच विचारा. जुनी दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे बिलातून वजा होतात.

पुढच्या वेळी महिनाभर जाणार असाल तर मोठी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. गन लावून ठेवली म्हणजे छोटीही भरत राहील, ही समजूत सोडा. मोठी ठरलेल्या टक्क्यावर पोहोचली की चार्जिंग थांबतं आणि कन्व्हर्टरही झोपतो. काही गाड्या तर गन लावलेली असताना अर्धवट जाग्या राहून छोटीला जास्तच खातात. सोसायटीत कुणी विश्वासाचं असेल तर आठवड्यातून एकदा तासभर रेडीमध्ये ठेवायला सांगा. नसेल आणि दोन-तीन महिन्यांसाठी मुलाकडे परदेशी जायचं असेल, तर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून त्यावर कापड गुंडाळा आणि दार लोखंडी किल्लीने लावा. अलार्म आणि ॲप बंद राहतील, पण परत आल्यावर पाच मिनिटांत गाडी चालू होईल. त्याआधी पुस्तकात याला हरकत नाही ना, तेवढं बघून घ्या. लोखंडी किल्ली मात्र विमानात तुमच्याबरोबर न्या किंवा घरातल्या कपाटात ठेवा, पण गाडीच्या डिकीत नको.

जंपनेही गाडी उठली नाही आणि टोइंगची वेळ आली, तर फोनवरच सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे, १२ व्होल्ट मेलेत, पार्किंग ब्रेक लागलेला आहे आणि ती बेसमेंटमध्ये आहे. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक, बेसमेंटच्या उंचीत येत नाही, त्यामुळे चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या बरोबर आणायला लावा. पुढची चाकं उचलून मागची फरफटत, किंवा दोरीने ओढत, असं काही करू देऊ नका. मोटरला जोडलेली चाकं फिरली की मोटर स्वतः वीज तयार करते आणि मेलेल्या गाडीत ती वीज कुठे जावी हे ठरवणारं कुणी जागं नसतं. आणि ट्रॉल्यांवर चढवायच्या आधी टोइंगवाल्याच्याच जंप स्टार्टरवरून पुन्हा एकदा प्रयत्न करा. तुमच्या केबलचे चिमटे बारीक किंवा गंजलेले असतील, तर दोष नुसता तिथेच असू शकतो.